पुढाकार : दहापैकी

गोनिओमीटरवर माझा विश्वास आहे.
कोपर अडकलं असेल
तर माझ्या हातून चाळीस अंश, फर्नांडिसच्या हातून बेचाळीस,
दोन अंशांवरून आम्ही कधी भांडलो नाही.

पण सायमा मुकादमला
मी दिलेत पाच. फर्नांडिसने आठ.
मुलगी तीच, मंगळवार तोच,
परळच्या ओपीडीतलं डुगडुगणारं टेबलही तेच,
आणि पलीकडे धाकलीबाय वैती,
लकव्याने जड झालेली डावी बोटं,
पुढ्यात नातवाचा शर्ट.

सायमा नुसती बसून राहिली.
बारा मिनिटं.
बटण काजाच्या कडेपर्यंत येऊन तीनदा निसटलं
तेव्हाही तिने बोट पुढे केलं नाही.
मी लिहिलं : पुढाकार कमी.
फर्नांडिसने लिहिलं : हिला थांबता येतं.

मागच्या तुकडीतला तन्मय रेगे
असाच थांबला होता एकदा.
तेव्हा मी ‘संयम’ हा शब्द वापरला होता,
खाली रेघही मारली होती.
आठ.
तो बोलायचा छान. पार्ल्याचा. माझ्याच शाळेचा
(यासाठी फॉर्मवर रकाना नाही).
सायमा मुंब्र्याहून येते,
काही विचारलं की उत्तराआधी जमिनीकडे बघते.

धाकलीबायला म्हटलं, तुमच्याकडे तराजू नाही,
मग मासळीचे वाटे कसे लावता?
“नजरेनं.”
सगळे सारखे होतात?
ती हसली, लकव्याने ठेवलंय तेवढ्या तोंडाने.
“सकाली हात सढळ असतो, बाय.
दुपारी पाय दुकतान, तवा आखडतो.
नि ओलखीच्या बाईला येक बोंबील वर.”

शुक्रवारी मी सायमाच्या खुर्चीत बसले.
दोन्ही हात मांडीखाली दाबून, घड्याळ समोर.
तोच शर्ट. वरून दुसरं बटण.
तिसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडून निघालं, “हं, जरा वर.”
पाचव्या मिनिटाला
बटण लागलेलं होतं.
मी लावलेलं.
धाकलीबायने हात मागे घेतला
आणि पदराखाली ठेवला.
माझ्या मागे सायमा उभी होती, वही छातीशी धरून.
तिने काही लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग फर्नांडिस आणि मी, दोन कटिंग, एक कोरा फॉर्म.
पुढाकार म्हणजे तुझ्या मते नक्की काय?
तो म्हणाला एक, मी म्हटलं दुसरं,
मग दोघांनी मिळून तिसरं खोडलं.
वॉर्डबॉय दिवे बंद करायला आला
तेव्हा आम्ही त्याच रकान्यात होतो.

पाचावर काट मारून शेजारी सही करता येते,
नियमात बसतं. केली.
तन्मयचा फॉर्म मात्र
मार्चमध्येच विद्यापीठात गेला, लाख लावून.
त्याचे आठ आता आठच.