बद्द

बर्नर काढला तेव्हा ह्यांनी त्याला हात लावला नाही.
मुश्ताकभाईच्या पोरानंच पाना फिरवला,
नळीत उरलेलं तेल पोतेऱ्यावर ठिबकलं
काळं, गुळाच्या पाकासारखं,
आणि तांबट आळीतली आमची भट्टी
तीनचाकीतून अंबडला गेली. भंगारात. किलोच्या भावानं.

तेल परवडेना, एवढंच कारण.
दिवाळीला आणलेला ड्रम संक्रांतीलाच खडखडला,
आणि घंटेचा भाव विचाराल तर तोच, जुना.
चारुता म्हणाली, गॅस घ्या.
गॅसवाला बोळाची रुंदी मोजून गेला,
पुन्हा फिरकलाच नाही.
राहिला कोळसा.

हिरामण गवंड्यानं मागच्या पडवीत खड्डा घेतला, कमरेइतका.
आतून भट्टीच्या विटा, खाली जाळी,
बाजूला पंखा, शिलाईच्या मशिनीएवढा, आवाजही तेवढाच.
मी विचारलं, धुराचं काय?
म्हणाला, वहिनी, धूर दोघांचा तोच, ह्याचा दिसतो इतकंच.
शेजारच्या वत्सलामावशींनी दोरीवरची पातळं आत घेतली,
काही न बोलता. तेच बोलणं.

तेवीस वर्षं तो बर्नर घरात गरजत होता.
मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात बसवला,
खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं.
दहाला सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं.
आम्ही हातांनी बोलायला शिकलो.
दोन बोटं: चहा.
मूठ: वसुलीवाला आलाय.
डोक्यावर पदर: सासूबाई बोलावतात.
बाकी ज्याला खूण नव्हती
ते राहूनच गेलं.

मंगळवारी मूस बसवली.
कोळसा आधी काळाच राहिला, रुसलेल्या जावयासारखा,
मग कडेनं लाल, मग संत्र्याच्या सालीचा,
मग नाव नसलेल्या एका पांढऱ्यात गेला.
पितळ कधी ओतायचं ते हे आवाजावरून ओळखायचे,
आता बघावं लागलं, वाकून,
चष्म्याच्या दोन काचांत दोन निखारे.
दोनदा चुकले.
जस्त जळून पांढरा कापूस उडाला,
माझ्या मिसळणाच्या डब्यावर येऊन बसला.
ह्यांनी शिवी दिली, अगदी हळू,
आणि मला ती ऐकू आली!
मी चुलीपाशी हसले. तेही त्यांना ऐकू गेलं.
मग मी ओरडले, "वाढू का?"
सवयीनं, आळीभर जाईल असं.
समोरच्या घरातला हातोडा एक ठोका चुकला.

शुक्रवारी पहिली घंटा साच्यातून निघाली.
कानस मारून, चिंचेनं घासून
ह्यांनी ती तुळईला टांगली, टोला दिला,
आणि नेहमीसारखं विचारलं,
"बरी वाजते?"

तेवीस वर्षं मी मान हलवत आले.
त्या गर्जनेत मला कुठली ऐकू येणार घंटा?
पण ह्यांना तेवढी मान पुरायची.
किती देवळांत काय काय टांगलं गेलं
माझ्या त्या मानेच्या भरवशावर,
देवालाच ठाऊक, आणि तोही कधी बोलला नाही.

आज घरात नुसती पंख्याची घरघर.
मी ऐकलं.
परत मारा, म्हटलं.
परत ऐकलं.
"बद्द आहे."

ते काही बोलले नाहीत. घंटा उतरवली, उलटी केली,
कडेवरून नख फिरवत गेले,
एका जागी नख अडलं.
केसाएवढी चीर.

मग माझ्याकडे पाहत राहिले बराच वेळ.
"आणि आधीच्या?"

माझे हात आपोआप वर आले,
पण ह्याला खूण नव्हती.
"आधीच्यांचं मला विचारू नका," मी म्हणाले, मोठ्यानं नाही.

त्यांनी घंटा फोडून पुन्हा मुशीत घातली.
मी पाटीभर कोळसा आणला.