वरचं पान

लक्ष्मीपुरीत, छापखान्याच्या माळ्यावर,
रविवारी कटिंग मशीन गप्प असतं तेव्हा
आम्ही चौघं बसतो.
पानं घरचीच, लग्नपत्रिकांच्या कातरणांची.
एका अंगाला सुकुमारनं आखलेला खेळ,
दुसऱ्या अंगाला कुणाचे तरी 'आपले नम्र',
अर्धं तोरण, एका मामाच्या नावाचा शेवट.
पाठी ओळखू येऊ नयेत म्हणून
काळ्या पाकिटांत घालून सगळी सारखी केलीत.

सुरुवातीला प्रत्येकाकडे दहाच पानं, दरिद्री.
मग एकेक विकत घ्यायचं,
गुऱ्हाळ, हुपरीची लड, म्हशींचा गोठा,
गठ्ठा पिसायचा आणि वाट बघायची
घेतलेलं हातात कधी येतंय याची.

अकिवाटे पूर टाकतात.
बँकेतला माणूस, पण पूर टाकताना हसतो.
पंचगंगा चढते, प्रत्येकाच्या गठ्ठ्यावरची तीन पानं
न वापरताच वाहून जातात.
'तुझा गोठा गेला बघ.'
गेलेलं दिसतं तरी. हळहळता येतं.

तहसीनचं तसं नाही.
ती चिपाडं देते.
रस निघून गेलेली, किंमत शून्य,
अलगद माझ्या गठ्ठ्याच्या माथ्यावर ठेवते.
पुढच्या पाळीला पाच पानं उचलावीत
तर तीन चिपाडं, एक गोठा, एक रुपया.
चिडलो की म्हणते,
'हातातलं तुझ्या मी काय घेतो व्हय?'

खरंय. हातातलं नाही घेत.
येणारं तेवढं बिघडवते.

आज तिनं 'डोकावणं' टाकलं.
समोरच्याचं वरचं पान एकटीनं बघायचं,
वाटलं तर फेकायचं, वाटलं तर परत ठेवायचं.
तिनं बघितलं.
चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.
सुकुमारकडे बिस्किटाचा पुडा मागितला
आणि पान होतं तिथं ठेवलं.

का ठेवलं?
माझ्या गठ्ठ्यात सात चिपाडं, लड एकच.
चांगलं असतं तर फेकलं असतं.
पण बुधवारी मी तिची स्कूटी
गंगावेशीपर्यंत ढकलत नेली होती.
माणूस ध्यानात ठेवतं असलं काही.

अकिवाट्यांची पाळी. मग सुकुमारची,
तो कायम वेळ लावतो.
माझ्या हातात पाच रुपये आणि एक गुऱ्हाळ.
गुऱ्हाळ टाकलं की वरचं पान ओढता येतं.
लड निघाली तर पाच नि तीन आठ,
आठाला अख्खा साखर कारखाना.
मला धुराडं दिसायला लागलं,
मळीचा वाससुद्धा आला.

ओढलं. चिपाड.

तहसीन चहात बिस्किट बुडवून बसली होती,
नको तेवढा वेळ. ते तुटून आत पडलं.
'आणि स्कूटीचं?' मी म्हणालो.
'तिचं काय? चालू झाली की.'

राग यायला हवा होता.
पण काढून काय घेतलं होतं तिनं?
सहा-सात मिनिटं तर माझा कारखाना चालला होता.

पाच रुपयांत चुलवाण घेतलं.
चिपाडं जाळतं ते, पण दमानं, एका वेळी एक.
आणि आधी हातात तर यायला हवं.
तोवर गठ्ठा पिसायचा
आणि नियमाप्रमाणे, कापायला
तिच्यापुढेच ठेवायचा.