वीतभर

सकाळी सात. ला पासच्या उतारावर
मी अंगावर झेब्रा चढवते:
आधी पाय, मग शेपूट, शेवटी डोकं.
डोकं पाळीपाळीनं वापरतो आम्ही;
आत कालचा घाम आणि कुणाची तरी पुदिन्याची गोळी.

झेब्रानं बोलायचं नाही, हा नियम.
चिडायचं नाही, हाही.
पांढऱ्या पट्ट्यांवर कुणी चाक चढवलं
तर कपाळावर हात मारून घ्यायचा,
बॉनेटवर डोकं टेकून रडायचं खोटं खोटं.
लोक हसतात. एखादा ड्रायव्हर
गाडी मागे घेतो वीतभर.

वीतभर म्हणजे पुष्कळ.
तेवढ्यातून काल दोन्या एउलालिया गेली,
पाठीला कोबीचं गाठोडं, एका हातानं टोपी सावरत,
कुणाकडेही न बघता.

पांढऱ्या जीपवाल्याला लाल दिवा म्हणजे
सणाची रोषणाई. बघायची, पुढे जायचं.
टॅक्सीवाला आधी हॉर्न वाजवतो,
समोर कोण आहे ते मग बघतो.

आणि ती निळी मिनीबस.
दार सताड, दारात लोंबकळणारा पोरगा ओरडतोय
"सेमेंतेरिओ! सेमेंतेरिओ!"
चला स्मशानाकडे, सुट्टे काढा.
ती कधीच थांबत नाही.
माझ्या शेपटीला वारा घालून जाते.

आज थांबली, पुढे ट्रक अडला म्हणून,
नेमकी पट्ट्यांवर.
मी बॉनेटवर डोकं टेकलं.
खिडकीतून मान बाहेर आली:
"ए रंगवलेल्या गाढवा, हो बाजूला!
तुझ्या बापाला काही कामधंदा नाही का?"

आहे ना.
मिनीबस चालवतो.

रात्री मी सूप वाढते.
घरी सगळ्यांना वाटतं, मी झेरॉक्सच्या दुकानात असते.
"आज एक गाढव गाडीवरच आडवं पडलं," बाबा सांगतात,
आईला हसू आवरत नाही, मलाही थोडं येतं.
मी त्यांच्या ताटलीत बटाट्याची एक फोड जास्त टाकते.
मग ते एकदम गंभीर होतात.
"येसेनिया, रस्ता ओलांडताना जपून गं.
ही ड्रायव्हर जात म्हणजे माणसं नव्हेत."

मी मान हलवते. झेब्र्याची सवय.
टेबलाखाली त्यांचा उजवा पाय
अजून काहीतरी दाबतोय.
ब्रेक की ॲक्सिलरेटर,
वरून कळत नाही.