वर्षायू

तीस वर्षं मी कलमं बांधतोय.
कोय रुजवायची, तांबूस कोंब वर आला
की त्यावर हापूसची काडी, पट्टी घट्ट,
आणि पणजोबांच्या वेळचंच झाड
पुन्हा पिशवीत उभं राहतं,
मरायचं असतं हे विसरून.
देवगडच्या सड्यावर माझ्या हातची
साडेचार हजार आहेत.
खड्डेही मीच मारले. कातळात सुरुंग,
मग खालच्या मळ्यातून टेम्पोने माती.
त्या खड्ड्यांच्या जागी आधी काय होतं
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तीन वर्षांपूर्वी, गौरी गेल्यावर,
शेवटच्या एकरात आखणी करताना
चुन्याची फक्की मुठीतच राहिली.
कातळाच्या खळग्यात दोन बोटं पाणी
आणि पाण्यात, काडेपेटीतल्या काडीएवढी,
जांभळी, सात.
सबंध सडा पालथा घातला.
असे खळगे निघाले तीन.

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.
कणकवलीच्या कॉलेजातल्या पेडणेकर मॅडम आल्या,
भिंग घेऊन दगडावर पालथ्या पडल्या,
बराच वेळ उठल्याच नाहीत.
लॅटिन नाव मी वीजबिलामागे लिहून घेतलं
आणि बिल भरताना तिथेच देऊन आलो.
मराठीतला एक शब्द तेवढा राहिला: वर्षायू.
मला वाटलं, वर्षेएवढं आयुष्य.
त्या म्हणाल्या, नाही हो, वर्षाएवढं.
अजूनही मला माझंच बरोबर वाटतं.

बोंडं तडकली तेव्हा
लग्नपत्रिकेच्या पाकिटात बी धरलं.
तपकिरीहून बारीक.
शिंकलो असतो तर वंश बुडाला असता.

पुढच्या मिरगाला वाफा केला.
शेणखत, गांडूळखत, वर हिरवी जाळी,
राजपुत्राची बडदास्त.
गवत मांडीएवढं आलं. ते आलंच नाही.

शेळ्या घेऊन जाणारी ठकूबाय झोरे
कुंपणाशी थांबली, हसली.
“तेका खावक कित्याक घालतस?
उपाशी ऱ्हवांदे.
पोट भरला काय गवात येता, फूल नाय.”

मग पडीतला एक चिरा आणला,
छिन्नीने त्यात ताटलीएवढा खळगा कोरला.
माती नाही. चिमूटभर कातळाची भुकटी,
पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेलं बी,
आणि चिरा उघड्यावर.

कठीण गेला तो एप्रिल.
कलमांना रोज पाणी,
आणि मधोमध तो एक दगड, तापत,
हात लावला तर चटका.
सून दोनदा पाइप घेऊन गेली,
दोनदा ओरडलो तिच्यावर.
देणं हाच माझा धंदा.
न देता बसून राहायला कुणी शिकवलं नव्हतं.

भाद्रपदात अकरा आली.
मी कुणाला हाक मारली नाही.
चिऱ्याशी उकिडवा बसलो,
गुडघे बोलेपर्यंत.

पुण्याचे एक गिऱ्हाईक, बागुल म्हणून,
कलमं न्यायला आले होते.
म्हणाले, हेही द्या दोन, गच्चीत लावू, काय रेट?
म्हटलं, याचं कलम होत नाही.
आईने पोराचं तोंड पाहायचं नाही
असा यांच्यात रिवाज आहे.
पुडीत चिमूटभर बी बांधून दिलं,
वर लिहिलं: खत नको. माया नको.
दगड द्या, ऊन द्या, आणि विसरा.
त्यांनी पुडी खिशात घातली, पाकीट काढलं.
मी नको म्हटलं.

शेवटच्या एकरात सत्तावीस खड्डे कमी मारले.
मुलाने हिशेब मांडून दाखवला:
पंधरा वर्षांत इतक्या पेट्या.
हिशेब बरोबर आहे त्याचा.

आता माघ संपत आलाय. चिरा कोरडा,
तळाला भाजल्या रंगाची धूळ.
तिच्यात बी आहे की नुसती धूळच
हे मला सांगता येणार नाही.
संध्याकाळी कलमांना पाणी देत येतो,
आणि चिऱ्याजवळ पोचलो
की अंगठ्याने धार दाबून धरतो.