गुरुवारचा पीच

चायोने आज कोर्विना दिला.
डोळे अजून काचेसारखे, कल्ले लालभडक.
"पैसे शनिवारी दे," म्हणाली,
आणि शेपटीला धरून पिशवीत सोडला.
एन्सेनाडाच्या धक्क्यावर धुकं होतं,
आणि धुक्यात समुद्रसिंह भुंकत होते,
जेवण लांबलेल्या मेव्हण्यांसारखे.

घरी आले तर एवारिस्तो मागच्या पायरीवर,
गरम वीट फडक्यात गुंडाळून पाठ शेकत बसलेला.

अकरा हंगाम तो पलीकडे होता,
कुंपणाच्या त्या बाजूला, बागांमध्ये, शिडीवर.
परत येताना आणली ही पाठ, एक धारदार कात्री,
आणि फळांविषयी एक अबोला.
घरात फळ आलं की हा उठून बाहेर जातो.
मी कधी विचारलं नाही.
काही गोष्टी काट्यासारख्या असतात,
जिभेनेच हळूहळू शोधाव्या लागतात.

मासा साफ केला, बोटभर रुंद तुकडे केले.
मीठ, लिंबू, भाजून भरडलेलं जिरं,
धुराचा वास असलेली सुकी मिरची,
ठेचलेला लसूण, तळहातावर चुरडलेला ओरेगानो.
किती, ते मला विचारू नका.
बोटं थांबतात तिथे मी थांबते.

तेवढ्यात माउरा आली शाळेतून,
दप्तरातून काढला एक आंबा, दोन पीच.
"माझ्या मैत्रिणीकडे साल्सात फळं घालतात."
माशावर फळं! मी कपाळाला हात लावणार होते,
पण हाताला मिरची होती.
आणि ती पोरगी, नऊ वर्षांची, सरळ दाराशी गेली:
"पप्पा, कापून द्या ना. तुम्हाला येतं फळांचं."

तव्यावर तेल तडतडलं.
बाकी काही नाही.

मग तो उठला. वीट पायरीवरच ठेवली.
कोपरापर्यंत हात धुतले, डॉक्टर धुतात तसे.
पीच उचलला, पण दाबला नाही,
देठापाशी अंगठा नुसता टेकवला, नाकाशी नेला.
"हा आजचा नाही. हा गुरुवारचा."
आणि खिडकीत ठेवून दिला.
दुसरा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

"पिकलेलं आम्ही कधी तोडलंच नाही," म्हणाला.
"तोडायचं ते कडक असताना. पिकायचं त्याने ट्रकमध्ये,
नाहीतर कुठल्याशा शहरात, कुणाच्या टेबलावर.
झाडावर पिकलं ते खाली पडायचं,
आणि खाली पडलेलं उचलायचं नाही."

"म्हणजे तुम्ही खाल्लाच नाही?" माउरा.

त्याने सुरी घेतली.
नुकताच धुतलेला हात कोपरापर्यंत रसाने भिजला.
फोडी केल्या, माझ्याहून बारीक,
एकसारख्या, जणू कुणी मोजणार आहे.
एक फोड सुरीच्या टोकावरून
माउराच्या तोंडात गेली. एक माझ्या.
आंबा, कांदा, कोथिंबीर, लिंबू मी घातलं.
हाबानेरो एकच, तोही बी काढून, घाबरत घाबरत.

कोमालवर टॉर्टिया फुगले, उसासा टाकून बसले.
मासा काट्याने उचलला की पाकळीसारखा सुटत होता.
वर कोबी, त्यावर तो लाल-पिवळा पसारा,
आधी गोड लागतं, आणि तुम्ही बेसावध झालात
की मागून तिखट येतं.

पहिला टाको त्याने बेसिनपाशी उभ्यानेच खाल्ला.
दुसऱ्याला बसला.
तिसऱ्याला डोळे पुसले बाहीने.
"मिरची झोंबते," म्हणाला.
"झोंबतेच," मी म्हणाले.
आणि खरंच झोंबत होती.

ताटं मी घासली. माउरा वहीत लिहीत होती,
टॉर्टियाचं स्पेलिंग दोनदा खोडलेलं.
त्याची वीट पायरीवर केव्हाच गार पडली होती.
ती आणायला जाताना तो खिडकीशी थांबला,
पीच बोटाने जरासा फिरवला,
हिरवी बाजू उन्हाकडे.