हलू नका

चाळीस वर्षं मी एकच वाक्य बोललो :
हलू नका.
कन्ना चौकात, जिन्याखालच्या दहा बाय आठच्या स्टुडिओत.
मान थोडी डावीकडे, हनुवटी खाली,
दोन्ही कान दिसले पाहिजेत, पासपोर्टचा आहे.
आणि माणसं हलायची नाहीत.
विड्या वळणाऱ्या बायका, बोटांना तंबाखूचा वास,
कॉलर भिजलेले नवे नवरे,
श्वास धरून बसायचे,
जणू मी दातच काढणार आहे.

आता गुडघा आणि खिडकी.
बोळात एकच कडुलिंब,
पलीकडे कोंडांच्या यंत्रमागांचा पत्रा,
आणि चैत्र.
आमच्याकडे चैत्र म्हणजे
सकाळी साडेआठलाच डोळे बारीक करायचे,
आणि लिंबाचा मोहोर गळतो तो थेट पाण्याच्या बॅरलात.

स्रवंतीनं हैदराबादेहून कॅमेरा पाठवला, लांब भिंगासकट.
मी मोराच्या चादरीला मधोमध भोक पाडलं,
गजांना बांधली, भिंग बाहेर, मी आत.
अंधार झाला तसं बरं वाटलं.
शिकाऊ होतो तेव्हा काळ्या फडक्यात डोकं घालून
जग उलटं बघायचो, तसं.

'चांगली चादर फाडलाव की ओ,'
नरसव्वा म्हणाली, 'ती पण माझ्या आईकडची.'
दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी कठड्यावर एक कानतुटकी बशी,
पाण्यानं भरलेली.
आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं.
त्यातलं.

शिंजीर आला.
ऊन पडलं तर जांभळा, नाहीतर कोळशाचा खडा.
मी तोंडातल्या तोंडात : हलू नका.
अहोजाहोच. सवय.
बटण दाबेपर्यंत फांदी रिकामी.
बुलबुल बशीत पंख आपटून गेला, फोटोत नुसतं पाणी उडालेलं.
शिंप्यानं पत्र्याखालून लाल सुताचा तुकडा उचलला,
फोटोत सूत आहे, शिंपी नाही.
एका संध्याकाळी भोरड्यांचा थवा गेला, परतीचा,
बोळावरून कुणी जाजम ओढत न्यावं तसा.
मी कॅमेरा विसरलो.
बघतच राहिलो तोंड उघडं टाकून,
माझ्या एकाही गिऱ्हाइकाला मी तसं बसू दिलं नसतं.

दोनशे तेरा फोटो.
सुट्टीत आलेली नात मांडीवर घेऊन बसली,
'आजोबा, यात पक्षीच नाही. यातही नाही. पुसू?'
थांब, म्हटलं.
नीट बघ, फांदी खाली वाकलीय.
कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.
तिला ते फारसं पटलं नाही.
मला आठवली ती माणसं, जी लग्नाचा घोळक्यातला फोटो आणायची
आणि कडेच्या एकावर बोट ठेवायची :
एवढा मोठा करून द्या. हार घालायचाय.
मी मोठा करायचो. चेहरा विरघळायचा.
तरी ते म्हणायचे, हो, हाच, अस्साच हसायचा.

आज दुपारी वीज गेली.
सगळे माग एकदम थांबले.
बोळ इतकी मोकळी झाली की
चुलीवरचा शेंगा भाजण्याचा आवाज इथवर आला.
आणि मग शेंड्याच्या वाळक्या काटकीवरून :
टुक्. टुक्. टुक्.
तांबट.
कपाळावर कुंकू, गळा हळदीचा,
सकाळपासून तिथंच बसला असणार,
खटाखटीत कुणाला कळणार?
डोकं या बाजूला वळवून एक ठोका, त्या बाजूला वळवून एक.
बाकी जागचा हलला नाही.
अख्ख्या चैत्रात हे एकच गिऱ्हाईक, न सांगता.
नरसव्वा हातातली उलथणी घेऊन मागं येऊन उभी राहिली.
चादरीच्या भोकाला डोळा लावला,
मला कोपरानं सरकवून.

मग वीज आली.
खटाक्, सगळे माग सुरू.
'गेला का?' तिनं विचारलं.
नाही.
गळा फुगतोय, बसतोय, फुगतोय.
ऐकू काहीच येत नाही.
ती मोजायला लागली, तेलुगूत, ओठांनी.
मी बटण दाबलं नाही.
शेंगा करपल्या.