दार लागतं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, ओळी दोनच,
वाचायला माणसाला दीड सेकंद.
एवढ्यात मला बसवायचे असतात
तीन इंग्रज म्हातारे, त्यांच्या तीन गाड्या,
एकमेकांच्या पोटावरचे विनोद
आणि मागचा ओला, हिरवा डोंगर.
ऑफिसच्या यादीतला पहिलाच नियम:
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहा.
चौकटी कंसात. वर्तमानकाळात.

म्हणून रात्री कुर्ल्याला, नेहरूनगरात,
दुसऱ्या मजल्यावर मी लिहीत असते
[इंजिन गुरगुरतं]
[टायर किंचाळतात]
[दूरवर मेंढ्या]

शेजारी आप्पा.
एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात,
त्यातली शेवटची एकोणीस दरवाजांच्या लाइनीवर.
त्याआधी प्रेस शॉपने कान खाल्लेच होते.
कानात घालायला कंपनी कापूस द्यायची,
तो ते घरी आणत,
आई वाती वळायची.

त्यांना मी पहिला प्रेक्षक नेमलंय, बिनपगारी.
स्पीकरवर तळवा ठेवतात,
डॉक्टरने पोटावर ठेवावा तसा,
आणि म्हणतात, "गुरगुरत नाहीये हे.
आठ सिलिंडर आहेत, त्यातलं एक चुकतंय.
खाकरतंय, लिही."
मी लिहिते [इंजिन खाकरतं].
ऑफिसातून निर्भयचा निरोप: खाकरतं? नक्की?
मी कळवते: नक्की.

"अंडरस्टीअर"पाशी मी दोन रात्री अडले होते,
ऐकून ते हसले.
"टेस्टिंगचा फर्नांडिस यायचा न् म्हणायचा,
वळणावर नाक ऐकत नाही हिचं."
अर्धी ओळ उरली माझी.

सातव्या भागात त्यांनी एक जुनी गाडी
कड्यावरून ढकलली. गंमत म्हणून.
वरून, खालून, मग अगदी सावकाश,
अशी तीनदा दाखवली.
मध्येच दार निखळून हवेत वेगळं झालं,
गर्दीत कुणी हात वर करावा तसं.
मी टाइप केलं [हशा].
आप्पा पाणी प्यायला उठले
आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.
आल्यावर म्हणाले,
"खालची बिजागरी बघितलीस?
शेवटपर्यंत धरून होती."

त्यांची लाइन होती तिथं आता तेवीस मजले आहेत.
एकदा आम्ही वॉचमनला विचारून आत गेलो.
पार्किंगमधल्या गाड्या चावीतलं बटण दाबलं
की चिमणीसारख्या बोलतात म्हणे.
आप्पांनी एका दाराच्या फटीवरून
नखाने रेघ ओढली, वरपासून खालपर्यंत,
आणि काहीच बोलले नाहीत.
फट सारखी असणार.

काल शेवटचा भाग आला.
विनोद नाही, पार्श्वसंगीत नाही.
तिघांतला एक गाडीतून उतरतो, दार लावतो, चालू पडतो,
कॅमेरा गाडीपाशीच थांबतो.
मी लिहिलं [दार बंद होतं].

आप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.
"बंद कुणीही करील.
लागलं का, ते लिही.
आपटलं म्हणजे पत्रा वाकडा.
नुसतं टेकलं तर रबर जाड.
लागतं ना, तेव्हा एकच आवाज,
परातीत कणकेचा गोळा पडल्यासारखा.
तो आला की मी खडूने बरोबरची खूण करायचो,
पुढं सोडायचो."

चारदा मागे न्यायला लावलं त्यांनी मला.
चारही वेळा डोळे मिटलेले, तळवा तिथंच.
मग मान हलवली.

[दार लागतं]

दीड सेकंदाने ओळ विझली.
नावं वर सरकू लागली, इंग्रजी, बारीक,
लाइटवाल्यांची, ड्रायव्हरांची, चहावाल्यांची.
आप्पांनी हात काढला नव्हता.
खडू धरायची त्यांची दोन बोटं
स्पीकरच्या काळ्या जाळीवर
एक लहानशी खूण करून
थांबली होती.